स्मोकिंग रूम की सरसकट बंदी? ठराव मांडण्याआधी थोडं

सार्वजनिक जागेत, छताखाली, सिगारेट ओढू द्यायची की नाही यावर सभा बसली की पहिल्या दहा मिनिटांत सगळे मुद्दे येऊन जातात. एकजण फुफ्फुसांचं बोलतो, दुसरा व्यक्तिस्वातंत्र्याचं, तिसरा म्हणतो गिऱ्हाईक तुटेल. मग आवाज चढतात. शेवटी सभेतला सगळ्यांत समंजस माणूस घसा खाकरून म्हणतो, "भांडण कशाला? एक वेगळी खोली करून देऊ. त्यांचंही होईल, आपलंही होईल." सगळ्यांना हायसं वाटतं, माना डोलतात, आणि इतिवृत्तात 'स्मोकिंग रूमची शक्यता तपासावी' असं लिहून सभा उठते.

जे या टप्प्यावर येऊन थांबलेत त्यांच्यासाठी हे लिहितोय.

मी एका क्लबच्या व्यवस्थापन समितीवर होतो. तिथे आधी स्मोकिंग रूम होती, नंतर सरसकट बंदी आली, आणि दोन्ही काळात जागेची देखभाल माझ्याच गळ्यात होती. शिवाय मी स्वतः ओढणारा. आता पूर्वीइतका नाही. त्यामुळे ती खोली आतून पाहिली आणि बाहेरूनही. धूर वाईट, दुसऱ्याच्या सिगारेटचा धूरही वाईट, हे आपण धरूनच चालू. त्यावर शाई खर्च करत नाही. प्रश्न एवढाच, की एखादी जागा तुमच्या ताब्यात आहे, किंवा गावाच्या नियमावर तुम्हाला मत द्यायचं आहे, तर हात कुठे वर करायचा?

दोन पर्याय आधीच बाजूला काढतो. पहिला म्हणजे 'ओढणाऱ्यांची टेबलं तिकडे, न ओढणाऱ्यांची इकडे'. भिंत नाही, हवा एकच. हा प्रयोग विमानांत वर्षानुवर्षं झाला. ओढणाऱ्यांच्या शेवटच्या रांगेत आणि न ओढणाऱ्यांच्या पहिल्या रांगेत एका सीटच्या पाठीचं अंतर असायचं, आणि हवाई सुंदरीला दोन्हीकडे फिरावंच लागायचं. अमेरिकेने १९८८ साली दोन तासांपर्यंतच्या देशांतर्गत उड्डाणांवर बंदी घातली, १९९० मध्ये ती सहा तासांपर्यंत नेली, आणि पुढे जगभर तो विषयच संपला. आज विमानात धूम्रपानाची रांग मागणारा कोणी भेटत नाही.

दुसरा पर्याय 'मालकाने ठरवावं, दारावर पाटी लावावी' हा. ऐकायला फार छान. स्पेनने २००६ साली नेमकं हेच केलं होतं. १०० चौरस मीटरपेक्षा लहान बार आणि उपाहारगृहांना मुभा दिली, मोठ्यांना भिंत घालून वेगळा भाग केला तरच परवानगी दिली. लहान जागांपैकी बहुतेकांनी धूम्रपान चालूच ठेवलं. साहजिक आहे, शेजारचा चालू ठेवतोय तर पहिल्यांदा गिऱ्हाईक घालवायला पुढे कोण होणार? २ जानेवारी २०११ पासून तिथे सरसकट बंदी आली. मधल्या काळात काचेच्या भिंती बसवलेले मालक नुकसानभरपाई मागत राहिले. हे भिंतींचं प्रकरण लक्षात असू द्या, पुढे लागेल.

तर खरी लढत स्मोकिंग रूम आणि सरसकट बंदी यांच्यातच आहे.

खोलीच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते नुसतं तोंडदेखलं नाही. पावसापाण्यात, थंडीत म्हाताऱ्या माणसाला बाहेर काढावं लागत नाही. प्रवेशद्वारापाशी घोळका जमत नाही. रात्री अकरा वाजता बाहेर उभं राहून मोठमोठ्याने बोलणाऱ्यांमुळे शेजाऱ्यांची झोपमोड होत नाही. थोटकं पायरीवर पडत नाहीत. एकट्या बाईला रात्री अंधाऱ्या बाजूला जाऊन उभं राहावं लागत नाही. शिवाय ठराव मंजूर करून घ्यायला सोपा, कारण कोणीच हरत नाही. कायदाही बऱ्याच ठिकाणी खोलीला जागा ठेवतो. इटलीने जानेवारी २००५ मध्ये बंदी आणली ती खोलीची सोय ठेवूनच. भारतात २००८ च्या नियमांनी ३० किंवा अधिक खोल्यांची हॉटेलं, ३० किंवा अधिक आसनांची उपाहारगृहं आणि विमानतळ यांना वेगळी जागा करायची परवानगी दिली. जपानने एप्रिल २०२० मध्ये देशभर नियम कडक केले, तेव्हाही खोलीचा मार्ग खुला ठेवला. तेव्हा खोली मागणारा माणूस काही आडमुठा नसतो.

आता इटलीच्या नियमाकडे जरा बारकाईने बघा. खोलीत माणशी सेकंदाला ३० लिटर ताजी हवा हवी. खोलीतला दाब बाहेरच्यापेक्षा किमान ५ पास्कलने कमी हवा, म्हणजे हवा बाहेरून आत ओढली जाईल, आतून बाहेर येणार नाही. बाहेर फेकलेली हवा पुन्हा इमारतीत फिरवायची नाही. आणि दार आपोआप बंद होणारं हवं, एरवी बंदच असलेलं हवं. भारताच्या नियमातही जवळजवळ तेच वाक्य आहे: दार आपोआप बंद होणारं, आणि सामान्यतः बंद ठेवलेलं. नियम लिहिणाऱ्यांना पाणी कुठे मुरतं ते पक्कं ठाऊक होतं. (इटलीत या अटी वाचून फार थोड्या मालकांनी खोल्या बांधल्या. बाकीच्यांनी सरळ बंदी पत्करली.)

माझं सगळं म्हणणं या दाराबद्दलच आहे.

स्मोकिंग रूम कशी चालते ते थोडक्यात सांगतो. एक्झॉस्ट जेवढी हवा बाहेर फेकतो त्यापेक्षा थोडी कमी हवा आत सोडायची, म्हणजे उरलेली हवा दाराच्या फटीतून आत खेचली जाते आणि धूर आतच राहतो. कागदावर अगदी चोख. पण ५ पास्कल म्हणजे किती? आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाचा जेमतेम २०,०००वा भाग. दार बंद असताना फटीपुरती ती ओढ पुरते. दार उघडलं की ती ओढ त्याच क्षणी जाते, आणि दारातून चालत बाहेर पडणारा माणूस आपल्यामागे धुराचं एक शेपूट घेऊन येतो. उघडझाप करणारं दार स्वतःच भात्यासारखं काम करतं. यात पंख्याचा दोष काही नाही.

बरं, माणसं आत गेली, ओढली, बाहेर आली, दार लागलं, असं झालं तरी भागलं असतं. आमच्याकडे तसं कधी व्हायचं नाही. संध्याकाळी गर्दी वाढली की खोलीचं दार अर्धवट उघडं आणि त्यात एकजण उभा, हे ठरलेलं चित्र. एक पाय आत, एक बाहेर, पाठीने दार रेटून धरलेलं, सिगारेटचा हात आत आणि तोंड बाहेर पत्त्यांच्या टेबलाकडे. कारण डाव बाहेर चाललेला असायचा. गप्पाही बाहेर, मॅचही बाहेर. दाराखाली घडी घातलेला पुठ्ठा सरकवलेला तर मी स्वतः किती वेळा काढलाय त्याची मोजदाद नाही.

एकदा आमच्या अण्णांना म्हटलं, "अण्णा, दार लावून घ्या ना, धूर हॉलमध्ये येतोय."

अण्णा म्हणाले, "अरे बाबा, आत बसवत नाही म्हणून तर दारात उभा आहे."

आणि अण्णा दिवसाला पाकीट ओढणारे. मला या एका वाक्यात सगळं मिळालं. खोली ओढणाऱ्यांसाठी बांधायची, आणि ओढणाऱ्यालाच ती नको असते. स्वतःची सिगारेट त्याला चालते. आधीच्या सात जणांचा साठलेला धूर त्यालाही सोसवत नाही, डोळे चुरचुरतात, कपड्यांना वास लागतो. मीही आत दोन झुरके मारून बाहेर सटकायचो. मग माणूस आपोआप दाराकडे, ताज्या हवेकडे सरकतो. म्हणजे ज्या फटीतून हवा आत जावी म्हणून एवढा खटाटोप, तीच फट अडवून उभा राहतो.

आम्ही उपाय केले नाहीत असं नाही. डोअर क्लोजरचा स्क्रू आवळला, तर दार असं आपटायचं की पत्ते खेळणारे दचकायचे, आणि वयस्कर मंडळींच्या कोपराला लागायचं. सैल केला, तर शेवटची चार बोटं दार सरकायचंच नाही. मेकॅनिक आला, त्याने एक गोष्ट दाखवली जी बांधणाऱ्याच्या डोक्यातच आली नव्हती: आमचं दार आतल्या बाजूला उघडणारं होतं. खोलीत दाब कमी, म्हणजे बाहेरची हवा दाराला आत ढकलणार, म्हणजे पंखा जितका जोरात चालेल तितकं दार लागायला कुरकुर करणार. दार बाहेर उघडणारं असतं तर तीच ओढ ते घट्ट बसवायला कामी आली असती. पण बाहेर उघडायचं तर समोरचा पॅसेज अडत होता. 'दार बंद ठेवा' ही पाटी आधी वहीच्या पानाएवढी होती. पुढे ती मोठी होत गेली. पाटी मोठी झाल्याने दार लागत नाही हे सांगायला नको.

यात पंख्याचं बिलही आलं. एक्झॉस्ट जी हवा बाहेर फेकतो ती तुम्ही पैसे घालून थंड किंवा गरम केलेली हवा असते. गर्दी कमी दिसली की कोणीतरी काटकसरी माणूस रेग्युलेटर खाली आणायचा, आणि पुन्हा वर न्यायला विसरायचा. कोण ते कधी कळलं नाही, मला संशय खजिनदारांवर आहे.

मला मान्य आहे, ही एका जागेची गोष्ट झाली. दोन दारांची लॉबी असलेल्या, दाबमापक बसवलेल्या, नीट देखभाल होणाऱ्या खोल्या असतीलही, आणि तिथे माझी तक्रार निम्म्यावर येईल. पण अमेरिकेतल्या वातानुकूलन अभियंत्यांची ॲश्रे ही संस्था, ज्यांचा धंदाच हवा खेळवण्याचा, त्यांचीही भूमिका अशी आहे की घरातल्या-इमारतीतल्या सिगारेटच्या धुराचा धोका पूर्ण काढायचा तर आत ओढणं बंद करणं हाच उपाय, वायुवीजनाने ते साधत नाही. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा (म्हणजे सरकारच्या सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुख अधिकाऱ्याचा) २००६ चा अहवालही तेच म्हणतो: ओढणाऱ्यांना वेगळं बसवून, हवा गाळून, पंखे लावून इतरांपर्यंत धूर पोचणं पूर्णपणे थांबवता येत नाही. पंखे विकण्यात ज्यांचं हित, तेच पंखा पुरणार नाही म्हणतात, तेव्हा मला तरी आणखी पुरावा नको होता.

दारानंतर जो मुद्दा येतो तो ॲशट्रेचा. खोली असली की तिथे कोणीतरी जाऊन ॲशट्रे रिकामे करणार, फरशी पुसणार, काचा पुसणार. आमच्याकडे हे काम मावशींकडे होतं. त्या तक्रार करणाऱ्यांतल्या नव्हत्या. मी एकदा विचारलं, मावशी, ती खोली सगळ्यांत शेवटी का करता? म्हणाल्या, "दादा, तिथून आल्यावर दुसरीकडे जायला नको वाटतं. खोकला येत राहतो." सभेत खोलीच्या बाजूने हात वर करणाऱ्यांपैकी कोणालाच हे काम करायचं नव्हतं, आणि मावशी सभेला नसतातच.

आयर्लंडने २९ मार्च २००४ रोजी सगळ्या कामाच्या जागी, पबसकट, बंदी आणली. देशभर अशी बंदी आणणारा तो पहिला देश. तिथे वाद जिंकला तो याच मुद्द्यावर. गिऱ्हाइकाला पब निवडता येतो, एक नको तर दुसरा. ग्लास उचलणाऱ्याला तेवढी मुभा नसते. स्कॉटलंडमध्ये २६ मार्च २००६ ला बंदी आली, तेव्हा तिथल्या डंडी शहरातल्या संशोधकांनी बारमध्ये काम करणाऱ्यांची बंदीआधी आणि नंतर तपासणी केली. आधी सुमारे ७९ टक्के लोकांना खोकला, डोळे चुरचुरणं वगैरे त्रास होता. दोन महिन्यांनी ते प्रमाण ४७ टक्क्यांच्या आसपास आलं. अभ्यास लहान होता. पण मावशींचा खोकला मी ऐकलेला, त्यामुळे मला तो आकडा परका वाटला नाही.

आता सरसकट बंदीचे तोटे. ते आहेत, आणि लपवण्यात अर्थ नाही.

पहिल्याच आठवड्यात आमच्या प्रवेशद्वाराबाहेर नवी स्मोकिंग रूम तयार झाली, फक्त तिला भिंती नव्हत्या. आत येणारा प्रत्येकजण धुरातून आत यायचा, आणि वरच्या मजल्याची खिडकी बरोबर त्यावर. काही दिवस हेच ऐकलं, की याच्यापेक्षा खोली बरी होती. मग उपाय सापडला, आणि तो अगदीच साधा निघाला: ॲशट्रेचा स्टँड दारापासून उचलून कुंपणाच्या कोपऱ्यात, झाडाखाली नेऊन ठेवला. माणसं पाटी वाचत नाहीत, ॲशट्रे शोधतात. तो जिथे, तिथे गर्दी. कॅलिफोर्नियात सरकारी इमारतींच्या मुख्य दारापासून २० फुटांच्या आत ओढायला मनाई आहे. आमचा कोपरा त्याहून थोडा लांब असेल. नियम करायच्या आधी ही जागा ठरवून ठेवली असती तर त्या काही दिवसांची कटकट वाचली असती, एवढं नक्की.

आणि बंदी केली म्हणून सगळे ॲशट्रे फेकून देऊ नका. विमानात धूम्रपानावर बंदी येऊन इतका काळ झाला, तरी अमेरिकी नियमांनुसार शौचालयाच्या दारापाशी ॲशट्रे असावाच लागतो. कारण उघड आहे. कोणीतरी नियम मोडणारच, आणि मोडलाच तर थोटूक कागदाच्या टोपलीत जाऊ नये. आमच्याकडेही टॉयलेटमध्ये अधूनमधून वास यायचा. एक स्मोक अलार्म बसवल्यावर तो प्रकार बराच थांबला, पूर्ण थांबला म्हणणार नाही.

बाहेर आडोसा करायचा मोह होतो. पावसाळ्यात तर होतोच. पण आडोसा वाढत वाढत पुन्हा खोलीच होऊन बसतो: आधी पत्रा, मग एका बाजूला प्लास्टिक, मग दुसऱ्या बाजूला. इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ ला बंदी आली तेव्हा यासाठी मापच घालून दिलं. छत असेल आणि भिंतींच्या बाजूने निम्म्यापेक्षा कमी उघडं असेल, तर ती जागा बंदिस्त धरली जाते आणि तिथे ओढायला मनाई. गावाचा नियम लिहित असाल तर असं काहीतरी माप लिहून ठेवा, नाहीतर पुढची सगळी भांडणं प्लास्टिकवरून होतील. ई-सिगारेट आणि हुक्का बंदीत येतात का तेही एका ओळीत लिहा. नंतर जोडायला गेलात की तोच वाद पुन्हा पहिल्यापासून.

गिऱ्हाईक तुटण्याचं काय? टेक्सासमधल्या एल पासो शहराने जानेवारी २००२ पासून उपाहारगृहं आणि बारसकट कडक बंदी घातली. विक्रीकराच्या नोंदी तपासल्या तर तिथल्या धंद्यात बंदीमुळे घट दिसली नाही. आमच्याकडे पत्त्यांचा एक गट रुसून गेला, त्यातले बरेचसे परत आले, काही आलेच नाहीत. उलट संध्याकाळी मुलाबाळांना घेऊन येणारी मंडळी वाढली असं माझ्या नजरेला वाटलं. हिशेब ठेवला नव्हता, त्यामुळे छातीठोकपणे सांगत नाही. पण हॉलच्या पडद्यांचा वास गेला, हे मात्र कोणीही नाकारलं नाही.

माझ्या दृष्टीने फरक पडला तो भांडणांच्या जातीत. खोली होती तेव्हा रोज संध्याकाळी कोणीतरी उठून कोणाला तरी 'दार लावा' म्हणायचं. दार अर्धवट उघडं ठेवणं हा काही गुन्हा वाटत नाही, त्यामुळे सांगणाराच खडूस ठरतो. बंदी आल्यावर हॉलमध्ये पेटलेली सिगारेट सगळ्यांना दिसते, आणि बोलावं मला लागत नाही, शेजारचाच म्हणतो, "साहेब, बाहेर." ओढणाराही ओशाळतो आणि निघतो. सुरुवातीचे काही आठवडे तापले, नंतर विषयच उरला नाही. खोलीचा विषय मात्र ती असेपर्यंत मिटला नव्हता. म्हणून माझा कल कुठे आहे ते आतापर्यंत तुमच्या ध्यानात आलंच असेल.

पैशाचंही बघा. खोली बांधायला खर्च येतो हे सगळे धरतात. तो खर्च कायद्याच्या भरवशावर असतो हे कोणी धरत नाही. ऑस्ट्रियात २००९ पासून उपाहारगृहांनी वेगळे भाग केले, काचा बसवल्या. मग २०१८ पासून सरसकट बंदी येणार असं ठरलं, नव्या सरकारने ती रद्द केली, त्याविरुद्ध सुमारे ८.८ लाख लोकांनी सह्या केल्या, आणि १ नोव्हेंबर २०१९ ला बंदी आलीच. मालकांचं डोकं किती फिरलं असेल! नेदरलँड्समध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये उपाहारगृहांतल्या स्मोकिंग रूमच बेकायदा ठरवल्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराचा आधार घेऊन. जर्मनीतल्या बव्हेरिया राज्यात २००८ ची कडक बंदी २००९ मध्ये सैल झाली, आणि ४ जुलै २०१० च्या सार्वमतात ६१ टक्के मतदारांनी ती पुन्हा कडक करून घेतली. स्पेनच्या भिंती वर सांगितल्याच. वारा एकाच दिशेने वाहतोय असं मी म्हणणार नाही, जपान अजून खोल्या ठेवून आहे. पण मी खजिनदार असतो तर या खोलीवर पैसे घालताना दोनदा विचार केला असता.

'एका गावाने बंदी करून काय होणार' हाही प्रश्न येतो. त्यावर मॉन्टाना राज्यातल्या हेलेना या छोट्या शहराचं उदाहरण देतात. तिथे जून २००२ मध्ये बंदी आली आणि सहा महिन्यांत कोर्टाच्या आदेशाने थांबली. त्या सहा महिन्यांत स्थानिक रुग्णालयात हृदयविकाराच्या झटक्याने दाखल होणाऱ्यांची संख्या सुमारे ४० टक्क्यांनी खाली आली, बंदी उठल्यावर पुन्हा वर गेली. शहर लहान, रुग्ण मोजके, त्यामुळे मी त्या ४० वर फार भार टाकणार नाही. पुढे मोठ्या ठिकाणी झालेल्या अभ्यासांत घट याहून कमी दिसली. पण गावपातळीवरचा निर्णय वाया जातो असं मात्र त्यातून दिसत नाही.

मी खोली कुठे मान्य करीन? जिथे माणसाला बाहेर जाताच येत नाही तिथे. तुरुंग, मनोरुग्णालय, अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांचं निवासस्थान. आयर्लंडच्या कडक कायद्यानेही या जागांना सूट ठेवली होती. विमानतळावर सुरक्षा तपासणीनंतर सहा तास अडकलेल्या माणसाबद्दलही मला सहानुभूती आहे. क्लब, हॉल, उपाहारगृह, ऑफिस इथे बाहेर पडायला चार पावलं लागतात. पाय धड असलेल्याला ती जड नाहीत, आणि ज्याला खरंच जड आहेत त्याच्यासाठी रॅम्प, बाक आणि दिवा यांवर केलेला खर्च मला खोलीवरच्या खर्चापेक्षा सार्थकी लागलेला वाटतो.

तरीही खोलीकडेच कल असेल, तर बांधकामाच्या आधी एवढं करून बघा. जवळपास जिथे अशी खोली चालू आहे तिथे सकाळी जाऊ नका, भर गर्दीच्या वेळी जा. टिश्यू पेपरची एक बारीक पट्टी सोबत न्या आणि दाराच्या फटीशी धरा. दार बंद असताना ती आत ओढली जाईल, बांधणारा कौतुकाने दाखवेलसुद्धा. तुम्ही तिथेच थांबा, आतले लोक ये-जा करेपर्यंत, कोणीतरी दारात उभं राहून फोनवर बोलायला लागेपर्यंत. पट्टी कोणत्या बाजूला वळते ते बघा. दार कोणत्या बाजूला उघडतं ते बघा, रेग्युलेटर कोणाच्या हातात आहे ते विचारा. आणि ॲशट्रे कोण रिकामे करतं हे सेक्रेटरीला विचारू नका. जो करतो त्यालाच गाठून विचारा.